स्वदेशाभिमानीचे संपादक आणि पुलयांची मुले

मल्याळम पत्रकारितेत निर्भीड संपादक म्हटले की पहिले नाव घेतले जाते ते के. रामकृष्ण पिल्लै यांचे. 'स्वदेशाभिमानी' हे त्यांच्या वृत्तपत्राचे नाव त्यांनाच कायमचे चिकटले. तिरुअनंतपुरममध्ये त्यांचा पुतळा आहे. केरळ सरकार पत्रकारितेसाठी जो 'स्वदेशाभिमानी-केसरी' पुरस्कार देते, तोही त्यांच्याच स्मृतीचा. (यातला केसरी पुण्याचा नव्हे, तो बालकृष्ण पिल्लै या दुसऱ्या मल्याळी संपादकाचा.) असा मान मिळालेल्या माणसाच्या चरित्रातले एक पान मात्र समारंभात कुणी उघडत नाही. ते पान आपल्या वाचकांसाठी सर्वात महत्त्वाचे आहे.

पिल्लै यांचा जन्म १८७८ चा, नेय्याट्टिनकरा भागातल्या नायर कुटुंबातला. 'केरळदर्पण', 'मलयाळी' अशा पत्रांत हात तयार झाला आणि १९०६ मध्ये ते 'स्वदेशाभिमानी'चे संपादक झाले. हे वृत्तपत्र त्यांच्या मालकीचे नव्हते. वक्कम अब्दुल खादर मौलवी या मुस्लिम सुधारकाने १९०५ साली पदरचा पैसा घालून ते काढले होते. छापखाना मौलवींचा, पैसा मौलवींचा, आणि लिहिण्याची पूर्ण मोकळीक मात्र संपादकाला! आजच्या किती मालकांच्या अंगी ही धमक आहे?

या मोकळिकीचा पिल्लै यांनी पुरेपूर वापर केला. त्रावणकोर संस्थानातली लाचखोरी, दरबाराची उधळपट्टी आणि दिवाण पी. राजगोपालाचारी यांचा कारभार यांच्यावर त्यांनी सतत आसूड ओढले. राजा हा देवाचा अंश नव्हे, असे संस्थानात बसून छापणे म्हणजे काय, याची कल्पना संस्थानी मुलखात राहिलेल्यांनाच येईल. व्हायचे तेच झाले. २६ सप्टेंबर १९१० रोजी छापखान्यावर जप्ती आली, वृत्तपत्र बंद झाले आणि संपादकाला अटक करून संस्थानाच्या हद्दीबाहेर काढण्यात आले. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, बचावाची संधी नाही. १९०८ मध्ये टिळकांवर इंग्रजांनी निदान खटला तरी चालवला, इथे राजाचे फर्मान हाच निकाल! शिवाय शिक्षा संपादकाला आणि जप्ती मात्र मौलवींच्या मालमत्तेची. कोणत्या न्यायात हे बसते? १९३२ मध्ये मौलवी वारले, तोवर त्यांना छापखाना परत मिळालेला नव्हता. पुतळा संपादकाचा झाला, पण किंमत मोजणाऱ्या या मुस्लिम मालकाचे नाव महाराष्ट्रात किती पत्रकारांना ठाऊक आहे?

हद्दपारीतही पिल्लै स्वस्थ बसले नाहीत. मद्रास, पालक्काड, कण्णूर अशी फरफट चालू असताना त्यांनी आपल्या हद्दपारीची हकीगत लिहिली. १९१२ मध्ये वृत्तपत्रव्यवसायावर पुस्तक आणि त्याच वर्षी कार्ल मार्क्सचे मल्याळम चरित्र. भारतीय भाषांतील मार्क्सच्या अगदी पहिल्या चरित्रांत ते मोडते. लेखिका असलेल्या पत्नी बी. कल्याणी अम्मा या सर्व काळात त्यांच्या सोबत होत्या. २८ मार्च १९१६ रोजी कण्णूरला क्षयाने पिल्लै गेले. वय अवघे ३७.

इथवरचे चरित्र वाचून कुणाचीही मान आदराने लवेल. लवावीच. पण आता ते पान.

त्याच त्रावणकोरात त्याच वर्षांत अय्यंकाली नावाचा एक पुलया पुढारी उभा होता. पुलया म्हणजे तिथले अस्पृश्य शेतमजूर, पिढ्यान्पिढ्या नायर-नंबुद्रींच्या भातशेतात राबणारे. रस्त्याने चालण्याचीही त्यांना बंदी. अय्यंकालींनी वेंगानूरला शाळा काढली, सवर्णांनी ती जाळली. १९०७ मध्ये त्यांनी साधुजन परिपालन संघम स्थापन केला आणि शाळाप्रवेशासाठी मजुरांना शेतावर जाऊ दिले नाही. आमची मुले शाळेत बसणार नसतील तर तुमच्या शेतात तण माजेल, असा तो सरळ व्यवहार होता. मजुरी वाढवून घेण्यासाठी संप अनेकांनी केले. या निरक्षर पुढाऱ्याने तो पाटी-पेन्सिलीसाठीही केला.

अखेर सरकारला शाळांची दारे पुलया मुलांना उघडावी लागली. तेव्हा मार्च १९१० मध्ये 'स्वदेशाभिमानी'ने काय भूमिका घेतली? पिढ्यान्पिढ्या बुद्धी कसणारे आणि पिढ्यान्पिढ्या शेत कसणारे यांना एका वर्गात बसवणे म्हणजे घोडा आणि रेडा एका जुवाला जुंपणे होय, असा युक्तिवाद निर्भीड संपादकांनी केला. घोडा कोण आणि रेडा कोण, हे वेगळे सांगायला नको.

पिल्लै यांचे समर्थक म्हणतात, त्यांचा विरोध शिक्षणाला नव्हता, एकत्र बसवण्याला होता. कायदा शिकलेल्या माणसाला हा युक्तिवाद ओळखीचा आहे. 'वेगळे पण समान' हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये उचलून धरले आणि शाळांच्या बाबतीत १९५४ मध्ये स्वतःच मोडीत काढले. वेगळे बसवणे हीच असमानता आहे, हे आपल्या लोकांना कळायला कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची गरज पडली नाही.

आणखी एक गंमत पाहा. ज्या दिवाणाने पिल्लै यांना हाकलले, त्याच राजगोपालाचारींच्या कारकिर्दीत शाळाप्रवेशाचे हुकूम निघाले आणि अय्यंकाली प्रजासभेवर सरकारनियुक्त सभासद झाले. म्हणून दिवाण आपला मित्र ठरत नाही. विनाचौकशी हद्दपारीचे समर्थन बाबासाहेबांच्या संविधानाचा अनुयायी करूच शकत नाही. पण 'हुकूमशहा विरुद्ध स्वातंत्र्यवीर' एवढ्या दोन रंगांत रंगवलेल्या इतिहासात पुलयाच्या मुलाला बसायला जागा कुठे उरते? राजाचे दैवी अधिकार नाकारणाऱ्या, पुढे मार्क्सचे चरित्र लिहिणाऱ्या लेखणीला घोड्या-रेड्याची उपमा सुचते, याचा अर्थ जात ही राजसत्तेपेक्षा खोलवर बसलेली असते. आपल्याकडे 'केसरी'ने 'मूकनायक'ची पैसे देऊनही जाहिरात छापली नव्हती, हे आपण विसरलेलो नाही.

पुलयांनी उत्तर दिले ते छापील अक्षरातच. १९१४ मध्ये चंगनाशेरीहून 'साधुजन परिपालिनी' हे मासिक निघाले. संपादक चेंबुंतरा काळिचोदी करुप्पन, स्वतः पुलया. 'मूकनायक' निघायला अजून सहा वर्षे होती. रामकृष्ण पिल्लै तेव्हा हयात होते, हद्दपारीत होते. ज्यांना त्यांनी शाळेच्या बाकावर बसू नये म्हटले होते, त्या समाजातला माणूस आता संपादकाच्या खुर्चीत बसला होता.