उच्चकोटी फलन
उच्चकोटी फलन : दुसरे फलन स्वीकारणारे किंवा उत्तरादाखल फलनच देणारे फलन. उदा., ‘दुप्पट करणे’ हे फलन व १, २, ३ ही यादी अशा फलनास पुरविल्यास २, ४, ६ ही यादी मिळते. या कल्पनेचे मूळ अलोन्झो चर्च यांनी १९३०–४० या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात आहे. जॉन मकार्थी यांच्या लिस्प (१९५८) या संगणकीय भाषेत ती व्यवहारात उतरली. तथापि प्रारंभीच्या लिस्पमध्ये फलनाबाहेरील चलांना, फलन जेथे रचले तेथील मूल्यांऐवजी जेथे वापरले तेथील मूल्ये मिळत; त्यामुळे उत्तर चुकण्याचा संभव असे. फलनासोबत रचनास्थळीची चलमूल्येही जतन करणे, हा त्यावरील उपाय होय. अशा जोडीस पीटर लँडिन यांनी १९६४ मध्ये ‘क्लोजर’ ही संज्ञा दिली. स्कीम (१९७५) या भाषेने हा उपाय अंगीकारला.