विष सापडलं नाही तरी फाशी, विष सापडलं तरी सुटका

मागच्या व्याख्यानात आपण परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे काय ते पाहिलं. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार नसतो, तेव्हा एकेक दुवा जोडत साखळी कशी तयार होते, हा तो विषय होता. आज तोच धागा आपण जरा अवघड जागी नेणार आहोत. खून विष देऊन झाल्याचा संशय आहे, खालच्या कोर्टानं शिक्षा दिली आहे आणि प्रकरण अपिलात आलं आहे. अशा वेळी वरचं न्यायालय नेमकं काय तपासतं?

यासाठी आपण दोन निकाल समोर ठेवू. पहिला अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 14 डिसेंबर 1959 चा. दुसरा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, निकाल 17 जुलै 1984 चा. दोन्ही प्रकरणं पुण्याची. दोन्हीत सत्र न्यायालयानं फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. पहिल्या प्रकरणात मृतदेहात विष सापडलंच नव्हतं, तरी अपील फेटाळलं गेलं. दुसऱ्यात पोटॅशियम सायनाइड निर्विवाद सापडलं होतं, आणि तरी आरोपी सुटला. हे उलटंसुलटं वाटतं ना? का तसं झालं, एवढंच आज समजून घ्यायचं आहे.

आधी अपिलाबद्दल थोडं. सत्र न्यायाधीशानं फाशी दिली म्हणून ती लगेच अमलात येत नाही. उच्च न्यायालयानं तिला पुष्टी द्यावी लागते. पूर्वी 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद होती, नंतर 1973 च्या संहितेत आली, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 407 मध्ये आहे. ही पुष्टी म्हणजे नुसती सही नव्हे. आरोपीनं अपील केलं असो वा नसो, सगळा पुरावा न्यायमूर्तींनी स्वतः नव्यानं वाचायचा असतो. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात जायचं तर बहुतेक वेळा घटनेच्या अनुच्छेद 136 खाली विशेष परवानगी घ्यावी लागते. तिथे साधारणपणे पुरावा पुन्हा तोलत नाहीत. पण गळ्याला फास लागलेला असला की न्यायमूर्ती कागद उलगडतातच, आणि या दोन्ही निकालांत ते भरपूर उलगडलेत.

आता लागू प्रकरण. लागू हा पुण्याचा वैद्यकीय व्यवसाय करणारा माणूस. मृत बाई विधवा, बऱ्यापैकी मालमत्ता असलेल्या, मधुमेहाच्या रुग्ण, आणि उपचारांसाठी त्याच्यावर विसंबून. 12 नोव्हेंबर 1956 च्या रात्री दोघं पुण्याहून पॅसेंजर गाडीनं मुंबईला निघाले. मुंबईत एका मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं, असं प्रवासाचं कारण होतं. पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात, म्हणजे आपण ज्याला जी. टी. म्हणतो तिथे, दाखल केलं. सकाळी साडेअकराच्या सुमारास, शुद्धीवर न येताच, त्या गेल्या.

इथवर वाचलं तर मधुमेही बाई, बेशुद्धी, मृत्यू, यात काय विशेष? रुग्णालयातही निदान मधुमेहजन्य बेशुद्धीचंच लिहिलं गेलं. पण बघा, दाखल करताना बाईंचं नावच खोटं सांगितलेलं होतं. मृत्यूनंतर रुग्णालयातून कळवलं गेलं, तेव्हा लागूनं प्रेत ताब्यात घेतलं नाही, उलट अस्तित्वातच नसलेल्या भावाचा हवाला दिला. प्रेत बेवारशी ठरलं आणि वैद्यकीय महाविद्यालयात विच्छेदनाच्या वाटेला लागलं. शवविच्छेदन झालं ते 23 नोव्हेंबरला, दहा दिवसांनी. व्हिसेरा रासायनिक विश्लेषकाकडे गेला. अहवाल आला: विष नाही.

आणि पुण्यात? नातेवाइकांना बाईंच्या नावानं पत्रं येत राहिली. त्या तीर्थयात्रेला गेल्या आहेत, मग त्यांनी लग्न केलं आहे आणि त्या दूर उत्तरेकडे सुखात आहेत, असा मजकूर. दरम्यान त्यांचे शेअर, बँकेतले पैसे, घरातल्या वस्तू लागूच्या हाती जात होत्या. लागूला अटक झाली ती थेट 1958 च्या मार्च महिन्यात.

बचावाचा मुद्दा साधा आणि जोरदार होता. तुम्ही विषप्रयोगाचा आरोप ठेवता, पण विष कुठे आहे? आधीच्या निकालांत, विशेषतः 1958 च्या धरमबीर सिंग प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलं होतं की मृत्यू विषानं झाला, विष आरोपीच्या ताब्यात होतं आणि ते देण्याची संधी त्याला मिळाली, या तिन्ही गोष्टी सिद्ध करा. इथे तर पहिलीच नाही.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. त्यांचं उत्तर असं की, ते तीन निकष जिथे पुरावा तशा स्वरूपाचा असतो तिथले आहेत, ते प्रत्येक खटल्याला लावायची फूटपट्टी नव्हे. काही विषं शरीरात ओळखता येईल असं काही मागे ठेवत नाहीत. काही विषं प्रेत कुजताना नाहीशी होतात. अशा वेळी रासायनिक अहवाल कोरा आला म्हणून खटला तिथेच संपवला, तर सर्वांत हुशार खुन्याला आपणच बक्षीस दिल्यासारखं होईल. त्यात इथे प्रेत दहा दिवस पडून राहिलं ते कुणामुळे? खोटं नाव देणाऱ्यामुळे. ज्यानं शोधाचा रस्ता स्वतः बुजवला, त्याला 'शोध लागला नाही' याचा फायदा मागता येत नाही.

इथे थोडं थांबून रसायनशास्त्राची बाजू पाहू, कारण 'अहवालात विष नाही' या वाक्याचा अर्थ आपण फार मोठा घेतो. प्रयोगशाळा ठरावीक विषांच्या चाचण्या लावते, आणि ज्याची चाचणी लावली नाही ते सापडत नाही. याच काळात, 1957 मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला केनेथ बार्लो नावाच्या नर्सनं बायकोला इन्सुलिन टोचून मारलं. इन्सुलिन शरीरातलंच द्रव्य, ते विष म्हणून शोधायचं कसं? तज्ज्ञांना इंजेक्शनच्या खुणा सापडल्या, त्या जागचा मांसाचा भाग काढून खास प्रयोग करावे लागले, तेव्हा ते सिद्ध झालं. तिथे प्रेत वेळेवर हाती होतं. लागू प्रकरणात काय दिलं गेलं हे कधीच ठरलं नाही.

मग मधुमेहाचं काय? ते निदानच न्यायालयानं कागदोपत्री तपासलं. दाखल झाल्यावर घेतलेल्या लघवीत साखर मिळाली, पण मधुमेहजन्य बेशुद्धीत जे ॲसिटोन दिसायला हवं त्याची नोंद संशयास्पद निघाली. केसपेपरवर ती मागाहून घातल्याचं न्यायालयानं मानलं. म्हणजे नैसर्गिक मृत्यूचा जो एकमेव भक्कम आधार होता, तोच डळमळला. उरली ती आरोपीची वागणूक, मृत्यूच्या आधीची, त्या वेळची आणि नंतरची. बहुमताला तिचा एकच अर्थ लागला आणि फाशी कायम झाली.

पण हा निकाल एकमताचा नाही, आणि ही गोष्ट आपण सहसा विसरतो. न्यायमूर्ती सरकार यांनी वेगळं मत दिलं. मृत्यू विषानं झाला हे सिद्ध झालेलं नाही, अपील मान्य व्हावं, असं ते म्हणाले. हे मत वाचताना मनात एक प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. माणूस लबाड आहे, खोटी पत्रं लिहिणारा आहे, मेलेल्या बाईची मालमत्ता लुटणारा आहे, हे सगळं मान्य. पण लुटारू असणं आणि खुनी असणं यांत अंतर आहे, आणि ते अंतर कशानं भरून काढायचं? आम्हाला स्वतःला बहुमताचा निष्कर्ष जास्त पटतो, मुख्यतः खोट्या नावामुळे. बाई जिवंत होत्या तेव्हाच ते दिलं गेलं होतं. बाई बऱ्या होतील अशी आशा असलेला डॉक्टर पेशंटचं नाव का बदलेल? तरीही फाशीच्या प्रकरणात तिघांपैकी एका न्यायमूर्तीला शंका वाटली, ही नोंद पुसायची नसते.

आता 1982 च्या पुण्यात या. फेब्रुवारीत लग्न झालेली तरुणी 11 आणि 12 जूनच्या मधल्या रात्री सासरच्या फ्लॅटमध्ये मरण पावते. मृत्यू सायनाइडनं, यावर वाद नाही. फिर्यादी पक्ष म्हणतो, नवऱ्यानं दिलं. बचाव म्हणतो, तिनं स्वतः घेतलं. पुराव्यात महत्त्वाची होती तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं, आणि माहेरच्यांना तोंडी सांगितलेल्या गोष्टी.

प्रश्नच बदलला, हे लक्षात येतंय ना? लागू प्रकरणात वाद होता 'विष होतं का' याचा. इथे वाद आहे 'कुणाच्या हातानं' याचा. आणि विषाच्या खटल्यात हा दुसरा प्रश्न जास्त अवघड असतो, कारण तेच विष, तोच मृत्यू, तोच अहवाल खून आणि आत्महत्या या दोन्हींत सारखाच दिसतो.

न्यायमूर्ती फजल अली यांनी या निकालात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं मांडली. त्यांनीच त्याला पंचशील म्हटलं, आणि आज कुठल्याही सत्र न्यायालयात गेलात तरी वकिलाच्या तोंडी ती ऐकू येतात. त्यांतलं आपल्याला हवं असलेलं सूत्र हे: पुरावा असा हवा की आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कुठलाही संभाव्य अर्थ त्यातून शिल्लक राहू नये. शिवाय, आरोपी दोषी 'असू शकतो' आणि तो दोषी 'असलाच पाहिजे' यांतला फरक मनात पक्का हवा. विषाच्या खटल्यासाठी त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: आरोपीला स्पष्ट हेतू होता, मृत्यू त्याच विषानं झाला, विष आरोपीच्या ताब्यात होतं, आणि ते देण्याची संधी त्याला होती.

सारडा प्रकरणात सायनाइड आरोपीच्या ताब्यात होतं याचा पुरावा नव्हता. पत्रं वाचून न्यायालयाला दिसली ती एक हळवी, खचलेली मुलगी. तिनं दुःखाच्या भरात जीव दिला असण्याची शक्यता झटकून टाकता येत नव्हती. गंमत बघा, ही पत्रं फिर्यादी पक्षानंच आणलेली. मृत व्यक्तीनं आपल्या मृत्यूला कारण झालेल्या परिस्थितीबद्दल केलेलं विधान म्हणून ती पुराव्यात आली, आणि आत आल्यावर त्यांनी दुसरंच दार उघडलं. पत्रं कितपत ग्राह्य धरायची यावर न्यायमूर्तींचे बारकाव्यांत मतभेद होते. निकालावर मात्र तिघांचं एकमत झालं.

या निकालातला आणखी एक मुद्दा रोजच्या कामाचा आहे. उच्च न्यायालयानं आरोपीच्या खोट्या बचावाला बरंच वजन दिलं होतं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, खोटा बचाव हा जास्तीचा दुवा होऊ शकतो, पण आधीची साखळी पूर्ण असेल तरच. तुटलेली साखळी आरोपीच्या खोटेपणानं सांधायची नाही. आणि जी परिस्थिती आरोपीच्या जबाबात त्याच्यासमोर ठेवलीच नाही, ती त्याच्याविरुद्ध वापरायची नाही. तेव्हाचं कलम 313, आता 351.

श्रोत्यांमधून एक प्रश्न आला आहे: मग लागूचा खोटेपणा चालला आणि सारडा प्रकरणातला नाही, हा दुजाभाव नव्हे का? प्रश्न रास्त आहे. आमच्या मते उत्तर खोटेपणाच्या जागेत आहे. लागूचा खोटेपणा कोर्टात सांगितलेला बचाव नव्हता. तो घटनेचाच भाग होता. खोटं नाव, खोटा भाऊ, मेलेल्या बाईची पत्रं, हे सगळं त्यानं केलं तेव्हा ना तक्रार होती ना पोलीस. पकडला गेलेला माणूस घाबरून खोटं बोलतो ते वेगळं. निरपराध माणूसही तसं बोलतो, हे कोर्टात बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे.

दुसरा प्रश्न: विष ताब्यात असल्याचा पुरावा मिळाला नाही, तर सुटका ठरलेलीच का? नाही. 1988 मध्ये भूपिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की विषप्रयोग लपूनछपूनच होतो, त्यामुळे ताब्याच्या पुराव्याचा आग्रह प्रत्येक खटल्यात धरणं व्यवहार्य नाही. बाकीची साखळी घट्ट असेल तर शिक्षा होऊ शकते. म्हणजे सारडातल्या चार गोष्टी नुसत्या खुणा करून टाकायची यादी म्हणून वाचू नका.

दोन्ही निकाल मोठे आहेत, पण ज्यांना वाचायचे आहेत त्यांनी लागू प्रकरणात आधी न्यायमूर्ती सरकार यांचं मत वाचावं आणि मग हिदायतुल्ला यांचं. उलट क्रमानं वाचलं तर शंका ऐकून घ्यायची तयारी उरत नाही. पुढच्या व्याख्यानात आपण मृत्युपूर्व जबाब घेऊ, त्यात सारडा प्रकरणातल्या त्या पत्रांकडे पुन्हा यायचं आहे.