पावसाळ्यातली गिटार

रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. इथे पावसाळ्यात ती बहुतेक दिवस ८० च्या वर असते. लाकूड ओलावा शोषतं, वरची फळी फुगते, तारा फ्रेटबोर्डापासून उचलल्या जातात आणि नवशिक्याची बोटं विनाकारण सोलवटतात. अशा वेळी शिकणं सोडू नका, आधी तारांची उंची जाणकाराकडून तपासून घ्या.

खाऱ्या हवेत पोलादी तारा लवकर गंजतात. वाजवून झाल्यावर प्रत्येक तार सुती फडक्याने खालूनही पुसा. गिटार ओल आलेल्या भिंतीवर टांगू नका. कडक केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नायलॉनच्या तारा गंजत नाहीत; पण त्या ज्या क्लासिकल गिटारवर असतात, तिच्यावर कधी पोलादी तारा चढवू नका, त्यांच्या ताणाने ब्रिज उखडू शकतो.