सही कोणाची?

2009 साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांनी शब्द दिला, की 2020 पर्यंत विकसनशील देशांसाठी वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करू. ओईसीडी या श्रीमंत देशांच्या संघटनेच्याच हिशोबाने हा आकडा पहिल्यांदा गाठला गेला 2022 मध्ये, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा. मधल्या काळात, 2021 मध्ये, ब्रिटनमधल्या 'यंग ख्रिश्चन क्लायमेट नेटवर्क'च्या तरुणांनी कॉर्नवॉलमधल्या कार्बिस बेपासून ग्लासगोच्या हवामान परिषदेपर्यंत हजार मैलांहून लांब पदयात्रा काढली. एका तुकडीने थांबायचं, दुसरीने पुढे निघायचं. त्यांच्या मागण्यांत हे 100 अब्ज होते आणि गरीब देशांची कर्जमाफीही होती. मागणी अब्जांची, वाटेत आसरा मात्र गावोगावच्या चर्चचा.

हवामान न्यायाच्या चर्चेत ही तफावत सारखी भेटते. ज्यांनी धूर सोडला नाही त्यांच्याच घरात पाणी शिरतं, एवढं सगळ्यांना कळलं आहे. पैसा मात्र वरच्या वरच फिरतो. म्हणून छोट्या अनुदानाची कल्पना पुढे आली. जागतिक पर्यावरण निधीची लघु अनुदान योजना 1992 पासून चालू आहे आणि बराच काळ तिची मर्यादा प्रकल्पामागे 50 हजार डॉलर होती. चर्चच्या युवक गटांना मिळणाऱ्या रकमा त्याहून कितीतरी लहान असतात. जागतिक चर्च परिषदेने 2017 मध्ये मलावीतल्या ब्लांटायरला तरुणांसाठी पाणी, अन्न आणि हवामान न्यायाची 'इको-स्कूल' भरवली, तीही याच विचाराची: शिकून घरी जा आणि आपल्या मंडळीत काहीतरी उभं करा.

माझ्या मते या छोट्या रकमेचं मोल खरेदीत नाही. चर्च ही उतरंडीची संस्था. फादर किंवा पाळक, त्यांच्याखाली समिती, आणि युवक संघ म्हणजे सणाला खुर्च्या मांडणारी पोरं. अनुदानाच्या अर्जावर त्या पोरांपैकी कोणाची सही लागली, तर पहिल्यांदाच हिशोब त्यांच्या हाती येतो. सही फादरांचीच राहिली तर प्रकल्प होतो, फोटो निघतात आणि पोरं पुन्हा खुर्च्यांकडे वळतात.

भारतात तर ही सही आणखी दूर जाते. परदेशी देणगी नियमन कायद्यात सप्टेंबर 2020 मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली आणि पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरवावा लागतो. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने 15 लाख खर्च केलेले हवेत, असंही नियमांत आलं. म्हणजे लाखभर रुपयांत ज्याचं भागेल अशा गटाने आधी 15 लाख खर्च करून दाखवायचे! पूर्वपरवानगीची वाट आहे, पण तिचे कागद गोळा करता करता पावसाळा येऊन जातो. परदेशी पैशावर देखरेख नको असं कोणी म्हणणार नाही. पण या चाळणीत मोठ्या संस्था तरतात आणि छोटे गट गळतात.

वसईत छोट्या रकमेचा आणि पोरांच्या सहीचा अर्थ नीट समजतो. तिथल्या वाड्यांमध्ये बावखलं आहेत, म्हणजे गोड्या पाण्याची छोटी तळी. त्यांच्या पाण्यावर केळी आणि पानवेली पिकायच्या, काठावर रहाट फिरायचे. पुढे वाड्यांवर इमारती आल्या, टँकरनी विहिरी उपसल्या, पाणी मचूळ होऊ लागलं. बावखल बुजलं की भर पावसात त्याच्या वाट्याचं पाणी रस्त्यावर येतं. जुलै 2018 मध्ये वसईने दिवसचे दिवस पाण्यात काढले. या प्रश्नांवर चर्च आणि गाव एकत्र येण्याची इथे परंपरा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीचा लढा धर्मग्रामांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, पलीकडे पोचला होता, आणि तो परदेशी अनुदानावर उभा नव्हता. एका बावखलातला गाळ काढायला लागतं काय? यंत्राचं काही तासांचं भाडं, गाळ टाकायला जागा, मालकाची लेखी संमती. तिसरी गोष्ट पैशाने मिळत नाही. ती मिळवायला त्याच आळीतली पोरं लागतात.

उरतो दुसऱ्या वर्षाचा प्रश्न. अनुदान बहुधा वर्षाचं असतं, आणि युवक संघाचा सेक्रेटरी तोवर नोकरीला लागलेला असतो. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याशी ल्यूथरन चर्चचे बिशप फ्रेडरिक शू यांनी यावर साधा तोडगा काढला: दृढीकरणाच्या, म्हणजे तरुणांची श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या, तयारीतच झाडं लावणं आणलं. दरवर्षी नवी तुकडी येते, काम आपोआप पुढच्या हातांत जातं. वसईतही दृढीकरणाच्या तुकड्या असतातच. मेमध्ये, पाऊस लागण्याआधी, एकेका तुकडीकडे एकेक बावखल सोपवायला दिल्लीतल्या खात्याची गरज नाही. धर्मग्रामाच्या वर्गणीतून ते होऊ शकतं, फक्त त्या वर्गणीच्या हिशोबावर तुकडीतल्या दोघांची सही चालेल असा ठराव चर्चच्या समितीने करायला हवा.