स्वस्त आणि महाग धुलाई पावडर

स्वस्त आणि महाग धुलाई पावडर यांची तुलना हा गृहव्यवस्थापन, ग्राहकशास्त्र आणि उपयोजित रसायनशास्त्र या तिन्हींशी निगडित विषय आहे. कमी किमतीची पावडर नामांकित पावडरीइतकेच स्वच्छ कपडे धुते का, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. धूळ, घाम आणि रोजचा साधा मळ काढण्यात दोन्हींतील फरक अल्प असतो. रक्त, दूध, अन्नपदार्थ किंवा तेलाचे डाग, दुष्फेन पाणी आणि थंड पाण्यातील यंत्रधुलाई या परिस्थितींत मात्र पावडरीतील घटकांमुळे लक्षणीय फरक पडू शकतो.

घटक

कोणत्याही धुलाई पावडरीचा मुख्य घटक पृष्ठसक्रियक हा असतो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, तर दुसरे तेलकट मळाकडे आकृष्ट होते. त्यामुळे मळ धाग्यापासून सुटून पाण्यात तरंगत राहतो. स्वस्त आणि महाग अशा दोन्ही प्रकारांत बहुधा लिनियर अल्किल बेंझिन सल्फोनेट हेच पृष्ठसक्रियक वापरले जाते. फरक प्रामुख्याने त्याच्या प्रमाणात आणि सोबतच्या इतर घटकांत असतो.

स्वस्त पावडरीत सोडा ॲश, म्हणजेच सोडियम कार्बोनेट, आणि सोडियम सल्फेट, मीठ किंवा डोलोमाइट यांसारखी भरणद्रव्ये अधिक प्रमाणात असतात. भरणद्रव्यांमुळे वजन वाढते. मळ काढण्यास त्यांचा फारसा उपयोग होत नाही. महाग पावडरीत पृष्ठसक्रियकाचे प्रमाण साधारणतः जास्त असते. त्याशिवाय विकरे, झिओलाइट किंवा फॉस्फेट, सुटलेला मळ पुन्हा कापडावर बसू न देणारी द्रव्ये आणि उजळक द्रव्ये यांचा समावेश असू शकतो. उजळक द्रव्ये मळ काढत नाहीत. ती अदृश्य अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश बाहेर टाकतात व त्यामुळे पांढरे कापड अधिक शुभ्र भासते. पूर्वी घरोघरी वापरल्या जाणाऱ्या निळीचा हेतूही पिवळसर छटा झाकणे हाच होता.

भारतीय बाजारपेठेतील पार्श्वभूमी

हिंदुस्तान लिव्हर कंपनीने १९५९ मध्ये भारतात सर्फ ही पावडर आणली. तिची किंमत सामान्य कुटुंबांना परवडणारी नव्हती. बहुसंख्य घरांत कपडे धुण्याचा वडीसाबण, धुण्याचा सोडा किंवा रिठा यांचाच वापर होत असे. गुजरात शासनाच्या भूविज्ञान व खनिकर्म खात्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या करसनभाई पटेल यांनी १९६९ मध्ये अहमदाबाद येथे निरमा ही पिवळी पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विकण्यास सुरुवात केली. सुरुवातीच्या काळात तिची किंमत किलोला सुमारे ३ रुपये, तर सर्फची सुमारे १३ रुपये होती.

हा फरक केवळ नफ्याच्या प्रमाणातून आलेला नव्हता. सर्फ तयार करताना घटकांचे द्रावण उष्ण हवेत फवारून पोकळ कण बनवले जात. त्यासाठी मोठी यंत्रसामग्री लागे. निरमाचे घटक साध्या पद्धतीने मिसळले जात आणि त्यात सोडा ॲशचे प्रमाण मोठे असे. १९८० च्या दशकात निरमाने विक्रीत सर्फला मागे टाकले. त्याला प्रत्युत्तर म्हणून हिंदुस्तान लिव्हरने त्या दशकाच्या उत्तरार्धात व्हील ही कमी किमतीची पावडर बाजारात आणली. पुढे अनेक मोठ्या कंपन्यांनी एकाच वेळी स्वस्त, मध्यम आणि महाग अशा तिन्ही स्तरांतील पावडरी विकण्यास सुरुवात केली. त्यामुळे ‘मोठी कंपनी’ आणि ‘महाग पावडर’ हे शब्द समानार्थी राहिले नाहीत.

धुलाईक्षमतेतील फरक

डागांचा प्रकार : रक्त, दूध आणि अंडे यांच्या डागांत प्रथिने असतात. प्रोटिएज हे विकर त्यांचे लहान तुकडे करते. अमायलेज हे पिठूळ पदार्थांवर, तर लायपेज हे स्निग्ध पदार्थांवर कार्य करते. विकरविरहित पावडरीने असे डाग काढण्यासाठी अधिक घासावे लागते. विकरांना कार्य करण्यास वेळ लागत असल्याने कपडे भिजवून ठेवणे उपयुक्त ठरते. उकळत्या पाण्यात मात्र ती निष्प्रभ होतात. हळदीच्या डागाचा रंग आम्लारीधर्मी द्रावणात लालसर होतो. असा डाग उन्हात वाळवल्याने फिका पडतो व त्यात पावडरीच्या किमतीचा वाटा कमी असतो.

पाणी : दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम पृष्ठसक्रियकाच्या कार्यात अडथळा आणतात. सोडा ॲश कॅल्शियमचा साका तयार करते. हा साका धाग्यांत साचून कापड कालांतराने कडक व करडे होते. झिओलाइट हे आयन अदलाबदलीने कॅल्शियम धरून ठेवते, तर फॉस्फेट त्याला पाण्यात विरघळलेल्या अवस्थेत राखते. म्हणून मुंबईत पुरवल्या जाणाऱ्या तलावांच्या सुफेन पाण्यात समाधानकारक वाटणारी पावडर दुष्फेन पाण्याच्या कूपनलिकेवर तोच परिणाम देईल असे नाही.

धुण्याची पद्धत : धुलाई ही रसायन, घर्षण, तापमान आणि वेळ या चार बाबींवर अवलंबून असते. हाताने चोळून, ब्रशने घासून किंवा दगडावर आपटून धुताना घर्षण भरपूर मिळते व पावडरीतील उणीव काही अंशी भरून निघते. यंत्रात, विशेषतः थंड पाण्यात, रसायनावरील भार वाढतो.

फेस : फेसाचे प्रमाण हे स्वच्छतेचे माप नाही. समोरून कपडे घालण्याच्या यंत्रात जास्त फेस कपड्यांचे आपटणे कमी करतो. त्यामुळे अशा यंत्रांसाठी कमी फेसाची पावडर बनवली जाते.

त्वचा आणि कापडावरील परिणाम

सोडा ॲशच्या एक टक्का द्रावणाचा सामू ११ च्या सुमारास, तर त्वचेच्या पृष्ठभागाचा सुमारे ५ असतो. अशा द्रावणात वारंवार हात बुडाल्याने त्वचेतील स्निग्धांश निघून जातो. त्वचा कोरडी पडते, भेगा पडतात व दाह होतो. पावडरीवर वाचवलेल्या पैशांची ही किंमत बहुधा कपडे धुणाऱ्या स्त्रिया, घरकामगार आणि परीट यांना चुकवावी लागते, आणि पावडर निवडणारी व्यक्ती दरवेळी तीच असते असे नाही. हातमोजे वापरणे व धुणे झाल्यावर हात साध्या पाण्याने धुणे यांमुळे त्रास कमी होतो. रेशीम आणि लोकर हे प्रथिनयुक्त धागे असल्याने तीव्र आम्लारीधर्मी तसेच प्रोटिएजयुक्त अशा दोन्ही पावडरी त्यांना अपायकारक ठरतात.

किमतीची तुलना

किलोचा दर ही तुलनेची अपुरी कसोटी आहे. समजा, ६० रुपये किलोची पावडर एका धुण्यास १०० ग्रॅम लागते आणि २०० रुपये किलोची ४० ग्रॅम. तर दर धुण्याचा खर्च अनुक्रमे ६ आणि ८ रुपये होतो. किलोमागे तिपटीहून अधिक असलेला फरक येथे एक तृतीयांशावर येतो. महाग पावडरही सवयीने १०० ग्रॅम घातल्यास हाच खर्च २० रुपये होतो. म्हणून वेष्टनावरील मात्रा व घटक वाचून, आपले पाणी, कपडे आणि धुण्याची पद्धत यांनुसार निवड करणे श्रेयस्कर मानले जाते. रोजच्या कपड्यांना स्वस्त आणि डागाळलेल्या कपड्यांना विकरयुक्त पावडर, अशी विभागणीही करता येते.