त्रिवेंद्रमच्या चौकातला तंजावूरकर

त्रिवेंद्रमच्या सचिवालयासमोरच्या चौकाला लोक 'स्टॅच्यू' म्हणतात. तो पुतळा एका मराठी माणसाचा आहे: सर टी. माधवराव. नावातला 'टी' म्हणजे तंजावूर!

1828 साली कुंभकोणमला, देशस्थ घरात जन्म. मद्रासच्या अकाउंटंट जनरल कचेरीत नोकरी, मग त्रावणकोरच्या राजपुत्रांची शिकवणी आणि तिशीच्या आतच तिथलं दिवाणपद. कर्जात रुतलेला खजिना त्यांनी सावरला, मिरीची सरकारी मक्तेदारी उठवली.

पुढे इंदूरचं दिवाणपद. 1875 मध्ये बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर ते विस्कटलेलं संस्थान माधवरावांच्या हाती आलं. गादीवर आलेल्या कोवळ्या सयाजीरावांना राज्यकारभाराचे धडे त्यांनीच दिले, आणि हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी.

त्रिवेंद्रमला गेलात तर त्या पुतळ्यापाशी जरूर थांबा.