बुळकांडीचा भागाकार

कागद-पेन्सिल घेऊन बसा बरं! आज आपल्याला गुरांच्या साथीचं गणित करायचंय, तेही १८६६ सालच्या लंडनमधलं.

साथ होती बुळकांडीची. गुरांना सणकून ताप यायचा, तोंडात व्रण उठायचे, जुलाब लागायचे आणि बहुतेक गुरं दगावायची. १८६५ च्या उन्हाळ्यात ती इंग्लंडात शिरली. मग दर चार आठवड्यांनी नव्या आजारी गुरांचे आकडे येऊ लागले: ९,५९७, मग १८,८१७, मग ३३,८३५, मग ४७,१९१. बाप रे! थेट संसदेतही घबराट पसरली.

विल्यम फार हे डॉक्टर सरकारी कचेरीत जन्ममृत्यूंच्या आकडेवारीचं काम बघत. त्यांनी हेच आकडे घेऊन भागाकार केले. तुम्हीही करा. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा: १.९६. तिसऱ्याला दुसऱ्याने: १.८०. चौथ्याला तिसऱ्याने: १.३९. दिसलं का काही? आजारी गुरं वाढताहेत, पण वाढीचा जोर ओसरतोय! हा भागाकार १ च्या खाली गेला, की साथ उतरणार. पुढच्या चार आठवड्यांत ४३,१८२ गुरं आजारी पडतील, असा हिशेब फार यांनी मांडला आणि फेब्रुवारीत 'डेली न्यूज' या वर्तमानपत्रात तो छापूनही आणला. सगळे धास्तावलेले असताना असं लिहायला केवढं धैर्य लागलं असेल! साथ त्यांच्या अंदाजापेक्षा जरा उशिरा आणि सावकाश उतरली, पण उतरली. आजारी गुरं मारण्याचा कायदा त्याच महिन्यात झाला, त्याचाही त्यात वाटा होता.

आजचे गणिती आधी विचारतात, एक आजारी गाय किती गुरांना रोग देते? समजा, ४. त्या चौघांपैकी तिघांना लस टोचलेली असेल, तर रोग एकालाच होईल. त्या एकापासून पुन्हा एकालाच. साथ वाढणारच नाही! आणखी थोड्या गुरांना लस दिली, तर ती विझूनच जाईल. म्हणजे झाडून सगळ्या गुरांना लस टोचली नाही, तरी साथ संपू शकते. मला तर हे जादूसारखं वाटतं.

बुळकांडीवरची उत्तम लस १९६० च्या सुमारास केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी तयार केली आणि २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसाने हटवलेला हा दुसराच रोग.

आता तुमची पाळी. एक आजारी बैल ५ गुरांना रोग देत असेल, तर १०० गुरांच्या कळपात निदान किती जणांना लस टोचाल?